इंगळ्यांच्या डबीची गादी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक घरी आला आणि म्हणाला, "काका, चाळीस वर्षं मोटारींच्या गाद्या भरल्यात, काहीतरी लिहा की." मी म्हटलं, "बाबा रे, माझा हात सुईचा. पेन धरलं की ते पण वाकडं शिवतं." तो हसला, पण हटला नाही. तेवढ्यात त्याची नजर पडवीतल्या दोन बुटक्या सीटांवर गेली. निळं रेक्झिन, पांढरी किनार. "या कोणत्या गाडीच्या हो?" घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो, "गाडी यायची आहे." कुमुद, म्हणजे आमची मंडळी, आतून ऐकत असते. या वेळी म्हटलं, चला, लिहूनच टाकू.

आमचं घराणं गादीवाल्यांचं. आजोबा संस्थानच्या बग्गीखान्यात गाद्या भरायचे. संस्थान गेलं, बग्ग्या गेल्या, पण माणसाचं बूड कुठं गेलं नाही, म्हणून वडिलांनी इंदुरात सियागंजाच्या मागल्या गल्लीत मोटारींच्या गाद्यांचं दुकान घातलं. मी ते हातात घेतलं तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरकर गाल फुगवून बसले होते. गिऱ्हाईक दुकानात टेकलं की आधी भोपाळला नावं ठेवायचं, मग माझ्या गादीला.

काम सांगायला सोपं आहे. खाली चौकट, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सगळ्यात वर रेक्झिन किंवा चामडं. कडेनं आत दोरी घालून जी गोल गोट शिवतात ती किनार. "किनार सरळ तर कारागीर सरळ," असं वडील म्हणायचे आणि एका बोटानं ती चाचपायचे. गादी बघून कळत नाही, बसून कळते. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. तेवढ्या वेळात बुडाची आठवण झाली नाही तर गादी पास.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुंबई लाईनवरचा एक ट्रक ड्रायव्हर आला, आजूबाजूला पाहून माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "उस्ताद, बीच में खड्डा चाहिये." मूळव्याध. मी मधे पोकळी ठेवून गादी भरून दिली. महिन्याभरात तिघं आले, तिघंही कानाशी लागून, "वैसीच बनाना, जैसी उसकी." मुंबई लाईनवर किती दुखणी बसून धावतात ते मला तेव्हा कळलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुनी सीट उसवली की आत जे सापडेल ते पुडीत बांधून मालकाला द्यायचं, आपण न्याहाळत बसायचं नाही. एका वकीलसाहेबांच्या सीटमधून निघालेलं पुडीत बांधून मी त्यांच्या घरी दिलं. वकिलीणबाईंनी तिथंच पुडी सोडली. आत कानातली एक कुडी होती. त्या कुडीपायी त्यांनी घरची मोलकरीण कामावरून काढली होती, चोर ठरवून. तिला पुन्हा शोधलं की नाही मला माहीत नाही. मी पायरी उतरून आलो. माणूस दुसऱ्यावर आळ घेतो आणि वस्तू आपल्याच बुडाखाली असते, हे तेव्हा मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगायचो. पुढं तीच पाळी माझ्यावर आली.

तर इंगळे. वसंतराव इंगळे एका कापड गिरणीच्या वर्कशॉपात फोरमन होते. वाडवडील संस्थानच्या रिसाल्यात, त्यामुळं ताठ चालायचे आणि वाकडं बोलायचे नाहीत. एके दिवशी नोकरी सोडली आणि घरामागच्या शेडमध्ये मोटार बांधायला घेतली. दोन माणसांची, मागं स्कूटरचं इंजिन, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. गल्लीनं तिचं नाव ठेवलं डबी. खरी गंमत पुढं होती. ही गाडी तयार मिळणार नव्हती, खोक्यांत येणार होती. सांगाडा एका खोक्यात, इंजिन दुसऱ्यात, चाकं तिसऱ्यात, बरोबर एक पुस्तक आणि पान्यांचा संच. माणसानं आपल्या अंगणात आपल्या हातानं जोडायची. "भिया," इंगळे म्हणायचे (इंदुरात भाऊला भियाच म्हणतात), "मास्तर, कारकून, आपल्यासारखी माणसं, यांनी काय जन्मभर दुसऱ्याच्या गाडीला हात दाखवायचा?"

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात भाजीवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा होता. नमस्कार न करता त्यांनी माझी एक तयार सीट हुकाला अडकवली.

"दत्तूभिया, ही अकरा किलो भरली."

"साहेब, मी सीटा किलोवर नाही विकत."

"मला चार किलोत पाहिजे. वजन आलं की पेट्रोल आलं."

"चार किलोत पाट येईल. पाटावर बसवा लोकांना."

इंगळे हसले नाहीत. म्हणाले, "पाटाचं वजन केलं मी. तीनच आहे. पण गिऱ्हाईक बसणार नाही."

मी चिडलो, आणि कारागीर चिडला की कामाला लागतो. स्प्रिंगा काढून टाकल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबांच्या पट्ट्या कापल्या आणि बाजेला निवार विणतात तशा चौकटीवर ताणून विणल्या. वर पातळ काथ्या, बोटभर कापूस आणि तूर्त वरून गोणपाट. बसलं की ट्यूब अंगाबरोबर द्यायची आणि उठलं की परत यायची. अशी गादी इंदुरात तोवर कोणी भरली नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगतो. सव्वाचार किलो भरली. इंगळ्यांनी डोळे मिटले, पाच मिनिटं बसले आणि उठून म्हणाले, "पाव किलो कुठून निघतं बघा." पण तोंडभर खूश होते. त्याच खुशीत त्यांनी पहिली खोकी मला द्यायचं ठरवलं.

आता कुमुदचं सांगतो, कारण गाडी मला माझ्यासाठी नको होती. कुमुदला बस लागते. साधी नाही, भयंकर. तिचं माहेर मानपूर, महूच्या पुढं, मुंबईच्या सडकेवर. अंतर काही फार नाही. पण महू यायच्या आतच हिची मळमळ सुरू. लिंबू झालं, आलं झालं, कापूर झाला. कंडक्टर तिला ओळखायचा, खिडकीशी बसवायचा आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाई को जगह दो, वरना भुगतोगे." ती शरमेनं अर्धी व्हायची. माहेरी पोचली की एक दिवस नुसती निजून. दोन दिवसांच्या माहेरपणात आईशी बोलायला एकच दिवस उरायचा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या ओटा सोडून कुठं जात नसत. म्हणजे हिनंच जायचं, आणि हिलाच जाववत नव्हतं. वर्ष, दीड वर्ष तसंच निघून जायचं. मी म्हटलं, "कुमुद, आता बस बंद. आपल्या गाडीतून जाऊ." दुसऱ्या दिवशी अंगणातलं तुळशीमागची सगळी अडगळ तिनं हलवली. खोकी ठेवायला जागा हवी ना, म्हणाली.

वर्षभरात डबी उभी राहिली. ॲव्हरेज काढायला इंगळ्यांनी टाकीच्या जागी दोन लिटरची काचेची बाटली टांगली. धार रोडवर बेटम्याला जाऊन परत यायचं. बरोबर कोणीतरी बसायला हवं होतं. मी पुढं झालो तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कुमुदकडे वळून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, तुमचं वजन किती?"

"अंदाजानं घ्या भाऊजी," कुमुद म्हणाली. "मी काही कांद्याचं पोतं नाही."

माझ्यापेक्षा ती निम्मी, म्हणून ती गेली. मी धार रोडच्या नाक्यावर एका पानवाल्यापाशी उभा राहिलो. मनात म्हटलं, आता इंगळ्यांची गाडी धुवावी लागणार. दुपार कलताना लांबून स्कूटरच्या इंजिनाचा फटफट आवाज आला. डबी थांबली. कुमुद उतरली, केस सगळे विस्कटलेले, हातात तेलकट कागद.

"अहो," ती म्हणाली, "मी बेटम्याला कचोरी खाल्ली."

मला आधी अर्थच लागला नाही. गाडीत पाण्याचा घोट न घेणारी बाई ही. "समोरचा रस्ता दिसतो हो," ती सांगत होती, "हवा लागते, पेट्रोलचा वास मागच्या मागं राहतो. मला काही झालं नाही. काही म्हणजे काहीच." बाटलीत दोन बोटं पेट्रोल उरलं होतं आणि इंगळे ते पुन्हा पुन्हा पाहत होते. मी कुमुदकडे पाहत होतो. लग्नानंतर इतकं मोकळं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

घरी येऊन ती चहा टाकायला आत गेली. इंगळे बाहेर माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "दत्तूभिया, गाडीला कच्चा, तात्पुरता नंबर मिळालाय, पंधरा दिवस ही अशीच उभी राहील. तुम्हाला चालवता येते. उद्या वहिनींना मानपूरला घेऊन जा."

इथं मी काय केलं ते लिहायला इतकी वर्षं लागली. मी म्हटलं, "उद्या नको. आठ दिवस द्या."

"का?"

"सीटांवर कव्हर कुठं आहे? गोणपाट दिसतंय. मी गादीवाला जावई, गोणपाटावर बसून सासरी जाऊ काय?"

इंगळे म्हणाले, "सासूबाई गादी बघतील की लेक बघतील?" मी ऐकलं नाही. सासरच्या दारात पहिल्यांदा आपल्या गाडीतून उतरायचं आणि सीट उघडी, हे मला डोळ्यांपुढं आणवेना. किनारीशिवाय सीट म्हणजे परकर दिसणारी साडी, असं आमच्या धंद्यात मानतात. कुमुद चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "इंगळे गाडी आठ दिवसांनी देणार आहेत." इंगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहा प्याले आणि निघून गेले. मी कुमुदला विचारलं, "कव्हर कोणत्या रंगाचं करू?" ती म्हणाली, "निळं."

मी जीव ओतला. पांढरी किनार घातली, वडिलांसारखं एक बोट फिरवून पाहिलं, एके ठिकाणी केसभर वाकडी लागली, उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली. आठाचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सीटा सायकलच्या कॅरियरला बांधून शेडवर गेलो तर डबी जमिनीवर सुटी पडलेली. चाकं एकीकडे, सांगाडा एकीकडे.

"तुम्ही आठ दिवस मागितलेत," इंगळे म्हणाले, "म्हटलं तेवढ्यात सांगाड्यातून सहा किलो काढून घेऊ. आठ दिवसांत पुन्हा उभी करतो."

ती पुन्हा उभी राहिली नाही. सहा किलो निघाले, तर सांगाडा लवायला लागला. तो भक्कम केला, तर वजन वाढलं. गाडी विकायच्या परवान्यासाठी त्यांनी अर्ज लिहून ठेवला होता, तो मी पाहिलाय. सुंदर अक्षर, सगळे रकाने भरलेले, फक्त गाडीचं वजन लिहायचा रकाना कोरा. वजन ठरत नव्हतं आणि अर्ज जात नव्हता. विचारलं की म्हणायचे, "दिवाळीपर्यंत." दिवाळी आली की होळी. मी सीटा घरी परत आणल्या, दुकानात धूळ बसली असती म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत आम्ही मानपूरला बसनं जाऊ शकलो असतो. दोनदा कुमुदनं पिशवी भरलीसुद्धा. दोन्ही वेळा तीच म्हणाली, "आता इतकी थांबले, एकदम गाडीतूनच जाईन," आणि दोन्ही वेळा मी मान हलवली. सासूबाईंची पत्रं यायची, नातवाच्या हातची. त्यात एक वाक्य ठरलेलं, "गाडी कुठवर आली?" जणू गाडी रस्त्यात आहे आणि राऊ किंवा महूला पोचली असेल. कुमुद ते वाक्य मला वाचून दाखवायची आणि पत्र घडी करून ठेवायची.

मग एका सकाळी मानपूरच्या बसचा ड्रायव्हर दुकानाशी येऊन उभा राहिला. नेहमी चिठ्ठी देऊन जाणारा माणूस, आज हातात काही नव्हतं. मी त्याचं तोंड पाहिलं आणि दुकान बंद केलं.

त्याच्याच बसनं गेलो. खिडकीची जागा, खिशात लिंबू, मांडीवर टॉवेल. राऊ गेलं, महू गेलं. कुमुद समोर पाहत बसली होती. मानपूर आलं, ती उतरली आणि सरळ चालत घरात गेली. सासूबाईंचं तेरावं करून परत निघालो तेव्हा बसमध्ये ती मला म्हणाली, "येताना मला बस लागली नाही हो." मी लिंबू खिडकीबाहेर टाकून दिलं. दुसरं काय करणार होतो?

मानपूरला सासूबाईंच्या ओट्यासमोर चहाची टपरी होती. तेराव्याच्या दिवशी टपरीवाला माझ्याजवळ आला. "बाबूजी, वो नीली गाडी आपकी आनेवाली थी क्या? मांजी ओटले पे बैठी रहती थी. कोई भी नीली गाडी दिखे, उठ के खडी हो जाती. मैं बोलता था, मांजी, घुटने दुखेंगे. सुनती नहीं थी." मी मान हलवली. पण मनात म्हटलं, निळी कुठली? डबीला रंगच दिला नव्हता. ती नुसत्या पत्र्याची, चकचकीत पांढरट. म्हातारीच्या मनानं घेतलं असेल काहीतरी, असं धरून चाललो.

इंगळे समाचाराला आले होते. मी दुकानात होतो, कुमुदला भेटून गेले. त्यानंतर मी त्यांच्याकडे पाय ठेवला नाही. उलट सियागंजात बसून चहाच्या प्रत्येक घोटाला त्यांना नावं ठेवली. म्हणायचो, या माणसानं माझ्या बायकोची आईशी भेट चुकवली, तोळ्या-माशांच्या नादात. सगळ्यांना ते पटायचं. इंगळ्यांच्या कानावर गेलंच असणार, पण आठ दिवस कोणी मागितले ते त्यांनी बाजारात एका अक्षरानं सांगितलं नाही. पुढं ते दुसऱ्या गिरणीत लागले. डबीचं इंजिन भंवरकुआँकडच्या एका शेतकऱ्यानं पंपाला लावलं. तेव्हा तिकडं सगळी शेतं होती. आता कोचिंगची पोरं फिरतात. मी एकदा तिथून जाताना तो फटफट आवाज ओळखला आणि सायकलवरून उतरून बराच वेळ उभा राहिलो. त्याच दिवशी इंगळ्यांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. ते गेले तेव्हा खांदा द्यायला गेलो, पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचा काय उपयोग?

वसंतराव, तुमचं वजन आणि माझी किनार, एकाच जातीचं दुखणं होतं. फक्त तुम्ही आपलं दुखणं ताणकाट्यावर सगळ्यांना दाखवलंत आणि मी माझं कव्हराखाली शिवून टाकलं. मला माफ करा.

इथवर लिहिलं आणि कुमुदला वाचून दाखवायचं ठरवलं. अंक हातात पडल्यावर तिला कळावं, हे बरं दिसलं नसतं. ती पडवीत त्या दोनांतल्या एका सीटवर बसून मेथी निवडत होती. ट्यूबा केव्हाच सैल झाल्यात, पण तिला तिथंच बसायला लागतं. मी वाचत गेलो. आठ दिवसांपाशी आलो आणि चष्मा पुसायला थांबलो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "भाऊजी आईच्या समाचाराला आले होते ना, तेव्हाच म्हणाले. वहिनी, मी गाडी सुटी करायला नको होती, पंधरा दिवस उभी ठेवतो म्हटलं होतं दत्तूभियाला, त्यांनी आठच मागितले होते. रडले ते."

"मग तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही मागितलेत आठ दिवस. मला विचारलं असतंत तर मीही मागितले असते. गोणपाटावर बसून आईच्या दारात मी उतरले असते होय?"

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही रेक्झिन कापलंत, त्यातला एक तुकडा मी ड्रायव्हरबरोबर आईला पाठवला होता. चिठ्ठीत लिहिलं, आई, हा आपला रंग, गाडी आली की ओळख."

मला टपरीवाला आठवला. मी कागद खाली ठेवला.

"हा गादीचा रंग, एवढं लिहायचं राहिलं माझ्याकडून," कुमुद म्हणाली.